कूलरची हजेरी

दिवाळीला माझी मुलगी पुण्याहून आली ती एक मोठी निळी बॅग घेऊन. चार चाकांची, नवीकोरी आणि आतून रिकामी. माझ्या पलंगाखाली तिनं ती सरकवली आणि म्हणाली, "आई, ही तुझी. येता उन्हाळा इथं काढ, तुझा हट्टच आहे तर. पण काही झालं ना, तर जूनमध्ये ही भरायची आणि माझ्याकडे यायचं. मग एक शब्द बोलायचा नाही."

तिचं काही चुकत नव्हतं. त्याच वर्षी मे महिन्यात मी भर दुपारी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडले होते. दुपारचे दोन वाजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दूधवाल्यानं खिडकीतून डोकावलं, तेव्हा मी जगाला सापडले. सतरा तास. तीन दिवस सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. घरात बसून ऊन कसं लागेल हो, म्हणून मी त्यांच्याशीही वाद घातला. पण नागपूरच्या मे महिन्यात कूलर न लावता घरात बसणं म्हणजे तंदुरीत बसणंच. आणि कूलर लावलेला नव्हता, कारण मिस्त्री 'आज येतो, उद्या येतो' म्हणत राहिला आणि आलाच नाही.

आमचे हे होते तोवर कूलर हा विषय माझ्याकडे कधी आलाच नाही. होळी झाली की हे ताडपत्री काढायचे, पत्र्याला रंग द्यायचे, जाळ्यांत नवं गवत भरायचे. सात वर्षांपूर्वी हे गेले आणि कूलर माझ्या गळ्यात पडला. मी सहासष्ट वर्षांची, सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेली. फाइल कितीही जुनी असो, मी शोधून काढते. पण पंपाची वायर कुठे जाते ते मला आजही विचारू नका.

तरी मला पुण्याला जायचं नव्हतं. मुलगी गुणी आहे, जावई तर तिच्याहून गुणी. पण हे घर आम्ही दोघांनी विटा मोजून बांधलं. अंगणात संत्र्याचं एक झाड आहे, त्याला आजवर धड फळ आलेलं नाही. तरी त्याला पाणी मीच घालणार. म्हणजे प्रश्न सरळ होता, उन्हाळा सुखरूप पार पडला तर घर माझं, नाही तर बॅग.

आमचा ले-आउट, म्हणजे आमची वसाहत, मनीषनगरच्या पुढे आहे. दोन गल्ल्या, मधे एक पिंपळ. पुढच्या गल्लीत आम्ही, म्हणजे कचेरीवाले, बँकवाले, मास्तर. बहुतेकांचे पूर्वज भोसल्यांच्या काळात इकडे आलेले, आणि ते लोकांना सांगायची हौस असलेले. मागच्या गल्लीत बौद्ध घरं जास्त. रेल्वेतले, दवाखान्यातले, एक-दोन वकील. भांडण कधी झालं नाही. पण हळदीकुंकवाचं बोलावणं पिंपळापर्यंत येऊन थांबायचं, हे खरं आहे. वीस वर्षांत मी मागच्या गल्लीत कुणाकडे चहा प्यायले नव्हते आणि त्यात काही वावगं आहे असं मला वाटलंही नव्हतं. आता वाटतं.

मार्चमध्ये एका सकाळी फाटक वाजलं. बाहेर मागच्या गल्लीतल्या सिस्टर उभ्या. चाळीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. ठेंगण्या, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, हातात पाना. त्यांच्या मागे शेठ, जरीपटका भागातलं कपड्याचं दुकान मुलाकडे सोपवून आमच्या गल्लीच्या टोकाला राहायला आलेले. खांद्यावर फाटकं पोतं, त्यातून गवत बाहेर आलेलं.

"मॅडम, तुमचा कूलर लावाले आलो," सिस्टर म्हणाल्या.

"मी बोलावलं नव्हतं."

"हौ ना. बोलावलं असतं तर मागच्या वर्षी पडल्या असत्या काहून?"

त्या सरळ आत शिरल्या.

मागच्या गल्लीतला हा उद्योग दोन वर्षांपासून चालू आहे हे मला तेव्हा कळलं. एकट्या-दुकट्या म्हाताऱ्यांचे कूलर ही मंडळी लावून देत. त्या वर्षी त्यांनी पिंपळ ओलांडला होता. शेठ जाळ्यांत गवत भरत होते, हलक्या हातानं, गादीत कापूस भरावा तसं. "बहुत दबाओगे तो हवा नहीं आएगी, मॅडमजी," असं मला शिकवतही होते. सिस्टरनी पंपाची नळी काढली. तिची बारीक भोकं खारानं बुजली होती. त्यांनी पर्समधून इंजेक्शनची सुई काढली आणि एकेक भोक मोकळं केलं. चाळीस वर्षं शिरा शोधलेला तो हात, एकदाही चुकला नाही. मी बघतच राहिले.

अर्ध्या तासात कूलर सुरू झाला. ओल्या गवताचा वास खोलीभर पसरला आणि मला एकदम ह्यांची आठवण आली. डोळे भरून आले म्हणून मी घाईघाईनं म्हणाले, "थँक्यू हं. चहा ठेवते."

"चहा चालते. थँक्यू नाही चालत आमच्यात," सिस्टर म्हणाल्या. "ज्याच्या घरचा कूलर लागला, त्याले पुढच्या घरी यावं लागते. हाच नियम."

"मला कुठे काय येतं त्यातलं?"

"बॅटरी धरता येते ना? नट हातात देता येते ना? पहिल्यांदा मी लोकाइले नुसतं करून द्यायची. मंग ते रस्त्यात दिसले की मान खाली घालायचे. दवाखान्यातही पाहिलं मी, फुकट औषध घेणारा माणूस नजर नाही देत. म्हणून हा नियम. तुम्ही आल्या की तुम्ही घेणाऱ्या नाही राहिल्या, लावणाऱ्या झाल्या."

नियम मला पटला. मी पदर खोचून विचारलं, "बरं, पुढचं घर कोणतं?"

"बाजूचं. सरचं."

मी पदर सोडला. "माझे गुडघे दुखतात," म्हणाले.

सर म्हणजे माझ्या भिंतीपलीकडचे शेजारी. शाळेत गणित शिकवायचे, आता तेही निवृत्त, तेही एकटे. त्यांच्याशी मी सात वर्षं बोलले नव्हते. ह्यांचं शेवटचं आजारपण होतं तेव्हा सरांच्या झोपायच्या खोलीचा कूलर बरोबर आमच्या खिडकीसमोर घरघरायचा. ह्यांना झोप लागायची नाही. एका दुपारी माझा तोल गेला. मी भिंतीपाशी जाऊन ओरडले, "इकडे माणूस मरायला टेकलाय आणि तुमचा हा भोंगा चालू! माणसं आहात का कोण?" भोंगा त्या क्षणी बंद झाला. सरांनी उत्तर दिलं नाही, आणि नंतरही कधी माझ्याशी बोलले नाहीत. हे गेले तेव्हा ते सगळ्यांच्या मागे उभे होते आणि न बोलता निघून गेले. मी मनात म्हटलं, केवढा हा ताठा. त्यांच्या खिडकीतून पुन्हा आवाज आला नाही, तेव्हा त्यांनी एसी घेतला असणार असंही ठरवून टाकलं. ताठ्याला एसी शोभतोच.

मी गेले नाही. आणि मग मला नियमाचं दुसरं कलम कळलं. आधीच्या घरचा माणूस आल्याशिवाय पुढच्या घराचं काम सुरू होत नसे. माझ्यानंतर सर, सरांनंतर तीन घरं, सगळ्यांत शेवटी खुद्द शेठ. म्हणजे शेठ लोकांचं गवत भरत हिंडत होते आणि त्यांचा स्वतःचा कूलर ताडपत्रीत होता. माझ्या गुडघ्यांपायी पाच घरं अडली.

"तुम्हीच लावून द्या ना सरांचा," मी सिस्टरना फोनवर म्हटलं. "दहा मिनिटांचं काम."

"देऊ शकते. पण मंग तो नर्सबाईनं लावलेला कूलर होईन, गल्लीनं लावलेला नाही होणार. आम्ही थांबतो."

आणि खरोखर थांबले! असा अडेलतट्टूपणा मी कचेरीतही पाहिला नव्हता, आणि कचेरीत तो मी स्वतः तीस वर्षं केलेला आहे. पारा रोज वर जात होता. दूधवाला विचारायचा, "मॅडम, गेल्या काय?" भाजीवाली विचारायची. तिसऱ्या दिवशी शेठ स्वतः फाटकाशी आले, घामानं निथळत, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा. हात जोडून म्हणाले, "मॅडमजी, चालीस डिग्री में आपका गुस्सा टिकता कैसे है? हमारा तो दूध भी नहीं टिकता."

मला हसू आलं, आणि हसू आलं की माझा राग संपतो, हा माझा जुना दोष आहे. गरज सरो वैद्य मरो असं वागणाऱ्यांना मी जन्मभर नावं ठेवली आणि आता गार हवेत बसून तेच करत होते. चप्पल घातली आणि निघाले.

सरांनी दार उघडलं. मला पाहून बाजूला झाले. घरात शिरले आणि आधी छताकडे, मग भिंतींकडे पाहिलं. एसी कुठेच नव्हता. हॉलमध्ये, पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीशी एक खाट, वर पंखा, खाटेशेजारी पाण्याची बादली आणि तिच्या काठावर ओला पंचा. झोपायच्या खोलीत कूलर होता, त्या खिडकीतच, जुन्या चादरीनं झाकलेला. सिस्टरनी चादर काढली. आतल्या गवताचा भुगा झाला होता आणि कबुतरांनी त्यात संसार थाटून मोडलाही होता.

"सर, हा कूलर कवापासून बंद आहे?" सिस्टरनी विचारलं.

"सात वर्षं झाली."

"सात! काहून जी?"

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाजूले पेशंट होता."

"मंग नंतर?"

"नंतर कोणी चालू करा म्हणलंच नाही."

माझ्या हातात बॅटरी होती. सात उन्हाळे. हा माणूस सात उन्हाळे ओला पंचा अंगावर घेऊन हॉलमध्ये झोपला, कारण मी एकदा ओरडले होते आणि नंतर 'आता लावा' एवढं म्हणायला विसरले होते. मला इतकी लाज वाटली की जमीन दुभंगली असती तर मी बॅटरीसकट आत गेले असते. माफी मागायची मला सवय नाही. मी एवढंच म्हणाले, "सर, आता चालू करा."

"आवाज येईल," ते म्हणाले.

"येऊ द्या. तिकडं झोपमोड व्हायला आता कोणी नाही."

सिस्टर एकदम खाली वाकल्या आणि पंपाच्या नळीत सुई घालून बसल्या. त्या नळीची भोकं तेव्हा मोकळीच होती, हे मला नंतर शेठनी सांगितलं.

त्या दिवशी मी नट दिले, बॅटरी धरली, कबुतरांचा केर काढला. कूलर सुरू झाला तेव्हा तो अगदी पूर्वीसारखाच घरघरला, आणि मला तो आवाज चक्क गोड वाटला. पुढच्या तीन घरी आणि शेवटी शेठकडे सर आणि मी दोघेही गेलो. शेठच्या बायकोनं त्यांचं सिंधी दालपकवान केलं होतं. मग एकदा सिस्टरकडे चहा झाला. हॉलमध्ये बुद्धाची सुरेख मूर्ती, तिच्यापुढे ताजी फुलं, आणि चहा माझ्यापेक्षा चांगला. वीस वर्षं मी पिंपळाच्या अलीकडे बसून काय मिळवलं, देव जाणे.

एप्रिलमध्ये सिस्टरनी आणखी एक नियम काढला. एकटं राहणाऱ्यानं सकाळी सात वाजता आपला कूलर बंद करायचा आणि शेजाऱ्यानं कान द्यायचा. बंद झाला म्हणजे माणूस उठला. सरांनी त्याला 'हजेरी' असं नाव दिलं. मला आधी चीड आली. मी काय शाळेतली पोर आहे? पण सातला माझा कूलर थांबायचा, पाठोपाठ सरांचा थांबायचा, आणि भिंतीपलीकडून खाकरल्याचा आवाज यायचा. म्हणजे हजर. उत्तर म्हणून मी स्वयंपाकघरात एखादं भांडं मुद्दाम आपटायची.

नवतपा लागला, म्हणजे मे अखेरचे सगळ्यांत कडक उन्हाचे नऊ दिवस. मुलगी रोज फोन करायची आणि रोज शेवटी विचारायची, "बॅग आहे ना पलंगाखाली?" मी म्हणायची, "आहे, मेली." नवतपाच्या पाचव्या रात्री लाईट गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. आल्यावर मी कूलर लावला आणि अशी गाढ झोपले की जन्मात झोपले नव्हते.

जाग आली ती धडाधड दार वाजल्यानं. घड्याळात सव्वासात. केस मोकळे, अंगावर गाऊन, डोळ्यांवर झोप. संतापून दार उघडलं आणि ओरडले, "काय लावलंय हे सकाळी सकाळी?"

ओट्यावर आठ माणसं उभी होती. पुढे सर, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. सिस्टरच्या हातात ओआरएसची बाटली आणि बीपीचं मशीन. शेठनी खिडकीच्या ग्रिलला पाना लावलेला, दोन नट काढूनही झालेले. मागे दूधवाला आणि पार मागच्या गल्लीतली माणसं. सगळे माझ्याकडे भूत पाहावं तसे पाहत होते.

मग सर म्हणाले, "मॅडम, हजेरी."

"अहो, झोप लागली होती मला!"

"मले वाटलं," ते म्हणाले आणि ओट्यावर मटकन बसले. सिस्टरनी बीपीचं मशीन माझ्याऐवजी त्यांच्या दंडाला बांधलं. "काय वं मॅडम," त्या माझ्यावर डाफरल्या, "झोपाचं होतं तर सांगून झोपाचं ना!"

मला हसावं की रडावं ते कळेना. मी दोन्ही केलं.

एवढ्यात सिस्टरच्या फोनमधून आवाज आला, "आई? आई दिसतेय का?" यांनी पुण्याला व्हिडिओ कॉलही लावून ठेवला होता! मी मनात म्हटलं, संपलं. गेली सगळी मेहनत पाण्यात. स्क्रीनवर मुलगी रडवेली, मागे जावई गाडीची किल्ली शोधत असलेला. मी फोन हातात घेतला आणि घाईघाईनं म्हणाले, "मला काही झालेलं नाही. नुसती झोपले होते. हे लोक वेडे आहेत."

"किती वाजता झोपायला हवं होतं... म्हणजे, किती वाजता उठायला हवं होतं तुला?"

"सातला."

तिनं घड्याळाकडे पाहिलं असावं. "आई, फोन जरा फिरव."

मी फोन फिरवला. तिनं एकेक जण पाहिला. सरांची एक चप्पल, शेठचा पाना, अर्धवट सुटलेली ग्रिल. मग ती म्हणाली, "मागच्या वर्षी सतरा तास लागले होते, आई. आज पंधरा मिनिटं."

मग ती सिस्टरना म्हणाली, "मावशी, थँक्यू."

"थँक्यू नाही चालत आमच्यात, बाई," सिस्टर मोठ्यानं म्हणाल्या. "मार्चमध्ये या. नट धरा."

त्या सकाळी मी नऊ जणांचे पोहे केले. सरांना बीपीमुळे बिनमिठाचे दिले, ते त्यांनी मुकाट्यानं खाल्ले. शेठ ग्रिलचे नट परत बसवत बसले आणि एक त्यांना सापडलाच नाही. ग्रिलला अजून एक नट कमी आहे. मी ती दुरुस्त करून घेतलेली नाही.

जून आला, पाऊस आला. बॅगेबद्दल मुलीनं विचारलं नाही, मीही आठवण दिली नाही.

यंदा होळी झाली आणि पिंपळाखाली सगळे जमलो. शेठचं पोतं पुरतं फाटलं होतं, पाने आणि पकडी रस्त्यावर गळत होत्या. मी घरी गेले, पलंगाखाली हात घातला आणि ती निळी बॅग ओढून आणली. पाने, पंप, सुया, वायरी, गवताचे दोन गठ्ठे, सगळं तिच्यात मावलं. सर ती ओढत पहिल्या घराकडे निघाले. चाकं काँक्रीटवर खडखडत होती, भोंग्यापेक्षा मोठ्यानं.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. येत्या शनिवारी येते म्हणाली, नट धरायला. मग सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "आई, ती बॅग आहे ना गं?"

"आहे की," मी म्हणाले. "गल्लीत फिरतेय."